दावं सुटलं, फाटक आलं

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला, तापीच्या काठी, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. ही यात्रा गाजते ती घोडेबाजारामुळे. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे असे नाना जातींचे घोडे ओळीने उभे असतात. या ओळींमधून हिंडताना फाटकाचा विचारही मनात येत नाही, कारण तिथला घोडा बांधलेला असतो. तोंडाला मोरखी, पुढे अगाडी, मागच्या पायांना पिछाडी. मराठ्यांच्या फौजेचा तळ पडे तेव्हाही घोडे असेच मेखांना बांधले जात. घोडा सांभाळायचा म्हणजे तो नीट बांधायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणून त्याच्या दोरांना आणि मेखांना मराठीत नेमके शब्द आहेत, आणि घोडा मोकळा सोडायच्या कुंपणबंद आवाराला मात्र ‘पॅडॉक’ हा शब्द इंग्रजीकडून उसना घ्यावा लागतो.

पुण्याच्या आसपासच्या स्टडफार्मांना पॅडॉक नवे नाहीत. आता घोडेस्वारी शिकवणारे क्लब आणि शेतघरावर एखाददुसरा घोडा पाळणारे हौशी लोकही घोड्याला दिवसाचे काही तास मोकळं सोडू लागले आहेत. त्यासाठी जागा आखली जाते, खांब येतात, कुंपण उभं राहतं, आणि पैसे संपत आले की फाटकाचा विषय निघतो. मग जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याला ‘एक बारा फुटी गेट बनव’ असं सांगून मालक मोकळा होतो. तो कारागीर त्याला येतं ते गेट बनवून देतो, म्हणजे बंगल्याचं. वर भाल्यांची टोकं, मधे वेलबुट्टी, खाली पातळ पत्रा, आणि चौकट वाकू नये म्हणून कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेली तिरपी पट्टी. माणसांना आणि मोटारीला ते शोभून दिसतं. घोड्याच्या दृष्टीने त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची असते.

संध्याकाळी चंदीची वेळ झाली की पॅडॉकमधले घोडे कुठे सापडतात? आवार चार एकरांचं असो नाहीतर दहा गुंठ्यांचं, सगळे फाटकाशी येऊन उभे असतात. खाणं तिथून येतं, माणूस तिथून येतो, तबेल्याकडे जायची वाटही तीच. कुंपणाच्या शेकडो फुटांपैकी ही दहा-बारा फुटांची जागा सर्वांत जास्त ढकलली जाते, चाटली जाते, खाजवायला वापरली जाते. एकमेकांना कान पाडून दटावणं आणि लाथा झाडणंही इथेच चालतं. शिवाय अख्ख्या कुंपणात हलणारा भाग हाच, म्हणजे मुळातच सर्वांत कच्चा. कुंपणाला दहा वर्षांत सोसावं लागत नाही ते फाटक दोन वर्षांत सोसतं.

त्यात समोरचा प्राणी साडेचारशे-पाचशे किलोंचा, आणि स्वभावाने भित्रा. वाघ-लांडग्यांपासून पळत पळत ज्याची जात टिकली, तो आधी पळतो आणि मग बघतो. त्याचे डोळे कपाळाच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळ्या दिशांचं एकदम दिसतं. पण कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याच्या नजरेतून सुटतो. बिचकलेला घोडा फाटकावर आदळतो तेव्हा त्याला फाटक दिसलेलंच असतं असं नाही.

पायांची रचना तर आणखी नाजूक. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळपास नसतातच. कातडी, तिच्याखाली दोरीसारख्या ताठ कंडरा आणि मग हाड. या भागातली जखम भरायला फार वेळ घेते. बऱ्याचदा ती भरण्याऐवजी तिच्यावर लालभडक मांस फुगून येतं आणि ते पुनःपुन्हा कापून काढावं लागतं. गंजलेल्या पत्र्याने कापलं तर धनुर्वाताची धास्ती वेगळीच, कारण पाळीव जनावरांमध्ये धनुर्वाताला सर्वांत हळवा घोडाच. माणसाला धनुर्वातापासून वाचवणारं सीरम वर्षानुवर्षं घोड्याच्याच रक्तातून काढलं गेलं, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पूनावालांच्या स्टडफार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे याच कामासाठी जात, आणि त्यातूनच 1966 मध्ये पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. लस टोचलेली असली तरी पत्र्याची धार ती धारच. फाटकावर हात फिरवून पाहिल्यावर तळव्याला जे बोचतं, ते घोड्याच्या पायालाही लागणार.

फाटकातल्या प्रत्येक फटीला दोन प्रश्न विचारायचे. यात खूर शिरेल का? आणि शिरलंच तर आलं तसं बाहेर निघेल का? मोठ्या घोड्याचं खूर साधारण पाच इंच रुंद असतं, तान्ह्या शिंगराचं माणसाच्या मुठीहून लहान. दोन आडव्या नळ्यांमध्ये सात-आठ इंच फट असेल तर फाटकाजवळ लोळणाऱ्या घोड्याचा पाय सहज आत जातो. म्हणून चांगल्या फाटकात खालच्या नळ्या जवळजवळ असतात आणि वर जाताना अंतर वाढतं. त्याहून बरा उपाय म्हणजे चौकटीवर दोन इंच बाय चार इंच घराची जाड तारेची जाळी वेल्ड करणं. यात शिंगराचंही खूर शिरत नाही, आणि जाळीवर पाय रोवून चढायला जागाही उरत नाही.

खरी गोम त्या तिरप्या पट्टीत आहे. ती आडव्या नळीला जिथे मिळते तिथे इंग्रजी ‘व्ही’सारखा कोन तयार होतो. वर रुंद, खाली निमुळता. पाय वरच्या रुंद भागातून आत जातो आणि घसरत खालच्या चिमट्यात बसतो. घाबरलेला घोडा पाय उचलून वर घेत नाही, मागे आणि खाली खेचतो, आणि जितका खेचतो तितका तो रुततो. कारागीर म्हणतो, ‘तिरपी पट्टी नाही घातली तर गेट लोंबेल.’ त्याचं म्हणणं खोटं नाही. चार कोनांची चौकट ढकलली की तिरकी होते, त्रिकोण होत नाही; भूमितीच तशी आहे. पण पूर्ण पृष्ठभागावर वेल्ड केलेली जाळी तेच काम करते, चौकटीला तिरकं होऊ देत नाही. नाहीतर चौकटीची नळी जाड घ्यावी, मधे दोन-तीन उभ्या नळ्या घालाव्यात आणि सांधे पूर्ण फिरवून वेल्ड करावेत. वजन थोडं वाढतं, खर्चही. घोड्याच्या पायाच्या एका शस्त्रक्रियेपुढे तो हिशेबात धरण्याजोगा नाही.

फटी फक्त फाटकात नसतात. फाटक आणि खांब यांच्यामध्ये, बिजागरीकडे आणि कडीकडे, दोन्ही बाजूंना एकेक उभी फट राहते. ती तीन इंचांच्या आत हवी. खाली जमिनीपासून आठ-दहा इंच मोकळे ठेवले तर मोठ्या घोड्याचा पाय अडकत नाही आणि फाटक मातीला घासतही नाही. मात्र आवारात शिंगरू असेल तर ते लोळत लोळत त्याच फटीतून पलीकडे जातं आणि घोडी अलीकडे थैमान घालते. शिंगरांच्या पॅडॉकला म्हणूनच जाळी खालपर्यंत आणावी लागते. उंचीचा नियम सोपा आहे: फाटक कुंपणाइतकंच उंच, साडेचार ते पाच फूट. कुंपण पाच फुटांचं आणि फाटक चारचं, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. मग उडी मारायची कुठून हे घोड्याला कुणी सांगावं लागत नाही.

आता बिजागरीकडे वळू, कारण घोड्याच्या फाटकाचे सर्वांत भयंकर अपघात तिथून सुरू होतात. आपल्याकडचं जड फाटक बहुधा खांबाला ठोकलेल्या दोन खुंट्यांवर बसवलेलं असतं. खुंट्यांची तोंडं वर, फाटकाची कडी त्यांवर वरून अडकवलेली. काढायला-घालायला सोपं. घोडा पलीकडच्या गवतासाठी नळ्यांमधून मान घालतो आणि चरून झालं की मान उचलतो. त्याची मान किती ताकदीची, याचा अंदाज माणसाला सहसा नसतो. पन्नास किलोंचं फाटक खुंट्यांवरून अलगद निसटतं. आता ते फाटक त्याच्या मानेत आहे. तो उधळतो, आणि ते त्याच्या पायांवर आपटत त्याच्याबरोबर धावतं. पुढचं वर्णन नको. हे टाळायला एकच करायचं: वरच्या खुंटीचं तोंड खाली करून ती बसवायची. खालची खुंटी वजन पेलते, वरची फाटकाला उचलू देत नाही. खर्च शून्य. इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांना हीच युक्ती चोरांविरुद्धही उपयोगी पडते, कारण तिथे चोर कुलपाच्या वाटेला न जाता बिजागरीच्या बाजूने फाटक उचलून बाजूला ठेवतात.

कडीच्या बाबतीत घोड्याला कमी लेखू नये. जर्मनीतल्या संशोधक कोन्स्टांझे क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या घोडेमालकांकडून दारं-फाटकं उघडणाऱ्या घोड्यांच्या हकिगती मागवल्या आणि व्हिडिओही जमवले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे पाचशेहून अधिक प्रसंग आहेत. सरकवायचे आडवे-उभे दांडे ही घोड्यांची हुकमी शिकार. पण फिरवायच्या कड्या, दाराच्या मुठी आणि विजेच्या तारेची हँडलंही त्यांनी उघडली होती, आणि अगदी मोजक्या प्रसंगी तर किल्लीचं कुलूपसुद्धा. घोड्याचा वरचा ओठ म्हणजे जवळपास बोटच असतं. तासन्‌तास रिकामा उभा असलेला हुशार प्राणी, समोर एक हलणारी वस्तू, आणि ती हलवली की बक्षीस म्हणून अख्खं कुरण! मग तो प्रयोग करणारच.

त्यामुळे कडी अशी हवी जी उघडायला दोन वेगळ्या हालचाली लागतील, पण माणसाचा एकच हात पुरेल. दुसऱ्या हातात दावं असतं ना. एका हाताने खटका दाबून दांडा ओढायचा, ही माणसाला सोपी आणि ओठाला अवघड गोष्ट. साखळी आणि स्प्रिंगचा हूक ही जोडीही चालते. हूक फाटकाच्या बाहेरच्या अंगाला असावा आणि साखळीला ढील इतकी कमी की फाटक आणि खांबामध्ये डोकं घालण्याएवढी फट पडणार नाही. कसबी घोड्यांसाठी खाली, तोंड पोचणार नाही अशा जागी, पायाने सरकवायची दुसरी कडी लावतात. कडीचा कोणताही भाग आत टोक काढून राहता कामा नये. तोंडाला मोरखी असलेला घोडा फाटकाला मान घासतो, मोरखी त्या टोकात अडकते, आणि नायलॉनची मोरखी तुटत नाही, मान मात्र मुरगळते. पॅडॉकमध्ये सोडताना मोरखी काढावी. ठेवायचीच असेल तर डोक्यावरचा पट्टा कातड्याचा असावा, जोर पडला की तुटणारा. ‘घोडा बांधला नाही तर तो आपला कसा?’ असं वाटणाऱ्या जुन्या मोतद्दारांना हे पटवणं सगळ्यांत कठीण जातं.

आणि उघडं राहिलेलं फाटक हा फक्त मालकाच्या नुकसानीचा प्रश्न नाही. रात्रीच्या रस्त्यावर सुटलेला घोडा म्हणजे दुचाकीस्वाराच्या छातीच्या उंचीला आलेलं काही शे किलोंचं धड. आपल्या जनावरापासून इतरांना इजा होऊ नये एवढी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात तो कलम 289 होता.

फाटकाची रुंदी ठरवताना लोक ट्रॅक्टर मोजतात, ते बरोबरच आहे. बारा फुटांत ट्रॉली जाते, चाऱ्याचा टेम्पो जातो. चूक होते ती शेजारच्या छोट्या फाटकात. माणूस आणि घोडा बरोबर चालायचे असतील तर चार फूट अपुरे पडतात. घोड्याच्या कमरेच्या हाडाचं टोक अंगाबाहेर आलेलं असतं. अरुंद दारातून घाईने जाताना ते चौकटीवर आदळून मोडतं, आणि मग घोड्याचा एक पुठ्ठा कायमचा खचलेला दिसतो. इंग्लंडमध्ये घोडेस्वारांचा हक्क असलेल्या जुन्या पायवाटा आहेत. 1980 च्या तिथल्या हायवेज कायद्याने या वाटांवरचं फाटक किमान पाच फूट रुंद हवं असं ठरवून दिलं आहे, आणि गाडीरस्त्यावरचं दहा फूट. अशा फाटकांना बऱ्याचदा डोक्यावर निघालेली लांब दांडीची मूठ असते, म्हणजे स्वाराला खोगिरावरून न उतरता ते उघडता येतं. आपल्याकडे असा कायदा नाही, पण पाच फुटांचा आकडा उचलायला हरकत नसावी.

फाटक कुठे असावं? गाई-म्हशींसाठी ते कोपऱ्यात बरं, कारण जनावरं कोपऱ्यात लोटली की आपोआप बाहेर पडतात. घोड्यांचं उलट. कळपात मानाची उतरंड असते. चंदीच्या वेळी सगळे फाटकाशी जमतात, दांडगी घोडी कान पाडते, आणि गरीब घोडा कोपऱ्यात सापडला तर त्याला पळायला दोन्ही बाजूंनी कुंपण आडवं येतं. मग तो कुंपणावर चढतो नाहीतर लाथा खातो. फाटक कुंपणाच्या सरळ भागात, कोपऱ्यापासून लांब असलं की त्याला निसटायला दोन वाटा राहतात. फाटक आत, पॅडॉकच्या बाजूला उघडावं, हेही या गर्दीमुळेच. बाहेर उघडणाऱ्या फाटकाला आतून घोड्याची छाती लागली की ते माणसाच्या हातात राहत नाही. पूर्ण उघडून कुंपणाला चिकटून बसेल आणि तिथे कडीने अडकेल, अशी सोय असली म्हणजे वाऱ्याने ते घोड्याच्या कुशीवर येऊन आदळत नाही.

कोकणात घरापुढच्या गडग्याला पूर्वी बेडं असे. दोन भोकं पाडलेले खांब आणि त्यांतून सरकवायचे आडवे बांबू. ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या कुरणांवर हुबेहूब याच पद्धतीची दांड्यांची फाटकं आहेत, आणि स्वस्तात काम भागतं म्हणून काही जण घोड्यांसाठीही ती वापरतात. सरकते दांडे घोडे किती सहज उघडतात हे वर आलंच. शिवाय घाईत माणूस खालचा दांडा तसाच ठेवून घोडा वरून नेतो आणि घोडा अडखळतो. बेडं गाईसाठी ठीक, घोड्यासाठी नको.

टिकाऊपणाची गोष्ट नळीच्या जाडीपासून सुरू करावी लागते. बाजारात नळीची जाडी गेजमध्ये सांगतात आणि हा आकडा उलटा चालतो: 16 गेजचा पत्रा सुमारे 1.6 मिलिमीटर, 14 गेजचा सुमारे 2 मिलिमीटर. घोड्यासाठी दीड-दोन इंच व्यासाची, 14 ते 16 गेजची गोल नळी बरी. गोल नळीला धार नसते आणि धक्का बसला की ती वाकते, फाटत नाही. पातळ अॅल्युमिनियम किंवा पत्रा मुडपून केलेल्या पट्ट्या फाटतात आणि सुरीसारख्या होतात.

साध्या लोखंडाला ऑइलपेंट फासला तर दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे येतात. जस्त चढवलेल्या जीआय नळ्या आणून वेल्ड केल्या तरी सांध्यावरचं जस्त जळून जातं आणि गंज नेमका तिथेच, ज्या सांध्यावर सगळी भिस्त असते तिथेच, शिरतो. त्याचा धूर वेल्डरच्या फुप्फुसात जाऊन त्याला रात्री हुडहुडी भरते ते वेगळं. सर्वांत टिकाऊ मार्ग म्हणजे आधी साधं लोखंडी फाटक पूर्ण वेल्ड करून घ्यायचं आणि मग अख्खं फाटक सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचं. जस्त लोखंडात मुरतं, सांधे, कोपरे, नळीचं आतलं अंग सगळीकडे पोचतं. पुढे ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. बुडवण्याआधी नळ्यांना हवा निघायला भोकं ठेवावी लागतात, नाहीतर बंद नळीतली वाफ त्या तापमानाला स्फोट घडवते. बसवताना नळ्यांची उघडी तोंडं टोपणांनी बंद करायची आठवण ठेवावी. आत पाणी साचतं हे एक कारण. दुसरं म्हणजे गांधीलमाश्यांना अशी नळी फार आवडते, आणि गांधीलमाशी चावलेला घोडा फाटकाजवळ उभा असणं कुणालाही परवडत नाही.

रंगाबाबत एक जुना धोका आहे. लोखंडावर पहिला हात शेंदराचा द्यायची पद्धत एकेकाळी सर्रास होती, आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएमची मर्यादा आली. पण भंगारातून आणलेलं जुनं फाटक त्याआधीचं असू शकतं, आणि घोडा चाटतो, कुरतडतो. हल्लीचा तांबूस रेड ऑक्साइड वेगळा, तो लोहाचाच ऑक्साइड असतो. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून जुनं फाटक आणताना रंग पूर्ण खरवडून काढलेला बरा.

लाकूड दिसायला देखणं. अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या परिसरात मैलोन्‌मैल फळ्यांची कुंपणं आहेत. कॅल्युमेट फार्मची पांढरी कुंपणं तर त्या मुलखाची ओळखच; पांढरा रंग राखणं महाग पडतं म्हणून इतर अनेकांनी काळा पत्करला. आपल्याकडे साग परवडत नाही. बाभूळ चिवट, जुन्या बैलगाडीच्या चाकाला वापरलेली, पण जमिनीलगत वाळवी तिला सोडत नाही. रिकामटेकडा घोडा कोणतंही लाकूड कुरतडतोच, आणि मोडलेल्या फळीचं टोक भाल्याइतकंच वाईट.

आता खांब. फाटक म्हणजे एका टोकाला धरलेली तरफ आहे. बारा फुटी, 50 किलोंचं फाटक घ्या. त्याचं वजन मध्यावर, म्हणजे खांबापासून सहा फुटांवर पडतं. दोन बिजागऱ्यांत तीन फुटांचं अंतर असेल तर वरची बिजागरी खांबाला 100 किलोंच्या जोराने ओढते आणि खालची तितक्याच जोराने ढकलते. फाटक नुसतं स्तब्ध लटकत असतानाचा हा हिशेब. त्याच्या टोकाला 30 किलोंचं पोर लोंबकळून झोका घेऊ लागलं की आणखी 120 किलोंची भर पडते. म्हणून बिजागऱ्या शक्य तितक्या लांब लांब ठेवायच्या, आणि फाटकाचा खांब बाकीच्या खांबांहून जाड आणि निदान तीन फूट खोल. टोकाला चाक लावणं ही पळवाट आहे. चिखलात ते रुततं आणि घोड्याचा पाय त्याच्यावर पडतो.

दख्खनच्या काळ्या मातीत तर खांब उभा राहणं हीच परीक्षा. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. जूनमध्ये बरोबर बसणारी कडी ऑक्टोबरात दोन बोटं वर आणि एप्रिलमध्ये दोन बोटं खाली, असा अनुभव पुणे-नगरच्या पट्ट्यात कुणालाही येतो. फक्त मातीत काँक्रीट ओतून भागत नाही, काँक्रीटचा गोळाच मातीबरोबर तिरका होतो. खड्डा खालच्या मुरुमापर्यंत न्यावा लागतो. बिजागरी आट्यांची घ्यावी, म्हणजे पान्याने फाटक थोडं वर-खाली करता येतं आणि दरवर्षी वेल्डरला बोलवावं लागत नाही. कडी न बसलेलं फाटक दोरीने बांधायची सवय लागते, आणि दोरीची गाठ घोड्याला चांगली सुटते.

पावसाळ्यात फाटकासमोर गुडघाभर राडा होतो, कारण सगळे तिथेच उभे राहतात. त्यात पाय घसरतात, खुराच्या तळाला सड लागते, नाल ओढली जाते. बसवतानाच फाटकाची जागा थोडी उंचावर निवडून दोन्ही बाजूंना दहा-पंधरा फूट माती काढून खाली जाड खडी, वर मुरूम अंथरला तर हा त्रास टळतो. मागाहून करायचं म्हटलं की वरातीमागून घोडं.

विजेच्या तारेच्या कुंपणात फाटक म्हणून बरेच जण स्प्रिंगचं हँडल लावतात. ते असं जोडायचं की हँडल काढल्यावर हातात लोंबणारी तार निर्जीव असेल. पलीकडच्या तारेपर्यंतचा प्रवाह फाटकाखालून, जाड आवरणाच्या केबलमधून न्यायचा. हे उलटं जोडलं की जमिनीवर पडलेली जिवंत तार आणि तिच्यावरून जाणारा घोडा असा प्रसंग येतो, आणि एकदा चटका बसलेला घोडा नंतर महिनोन्‌महिने त्या फाटकातून जायला तयार होत नाही.

घोड्याला निळा आणि पिवळा ओळखता येतो. तांबडा आणि नारिंगी त्याला हिरव्यातून वेगळा दिसत नाही. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधनानंतर ब्रिटनमधल्या घोडदौडीच्या नियामक संस्थेने अडथळ्यांवरचा नारिंगी रंग सोडून 2022 पासून पांढऱ्याकडे वळायला सुरुवात केली. करड्या जस्ताचं फाटक संधिप्रकाशात आसपासच्या धुळीत मिसळून जातं. वरच्या नळीला पांढरा पट्टा मारला की नव्याने आणलेल्या घोड्याला ते लांबून दिसतं. नवीन घोड्याला पहिल्या दिवशी मोकळं सोडण्याआधी दाव्याने धरून कुंपणाच्या कडेकडेने एक फेरी मारायची आणि फाटकापाशी थोडं थांबू द्यायचं, तेही त्यासाठीच.

पॅडॉकमध्ये सोडतानाही एक रीत पाळायची असते, आणि ती चुकली की नवशिके लाथ खातात. घोडा आत न्यायचा, फाटक मागे लावून घ्यायचं आणि घोड्याला पूर्ण वळवून त्याचं तोंड फाटकाकडे करायचं. मोकळीक मिळाल्याच्या आनंदात घोडा आधी मागच्या लाथा उडवतो आणि मग धावतो. तोंड फाटकाकडे असलं तर त्या लाथा कुरणाच्या दिशेने जातात, आणि माणूस पाठ न दाखवता फाटकाकडे सरकतो. मोरखी हलकेच कानांवरून काढायची, दावं खांद्यावर टाकायचं आणि कडीचा खटका दाबून बाहेर पडायचं.